सुई, शिवणयंत्र आणि शुश्रूषा : रमाबाई रानडे

जिंतूर तालुक्यातील बोरी असो की पुण्यातील एखादी पेठ, घरातले शिवणयंत्र कधी रुसेल याचा नेम नसतो. काल सुरळीत चाललेले यंत्र आज दोरा तोडते, टाका सोडते, कापडाखाली दोऱ्याचे जाळे करून ठेवते. घरातली बाई ते पुन्हा चालू करते आणि बाईमाणसाला हे यायचेच, असे म्हणून सगळे मोकळे होतात. पण उपजत असे काही येत नसते, ते शिकावे लागते. शिवण आणि आजाऱ्याची शुश्रूषा या घरातल्या दोन कामांना शिक्षणाचा दर्जा मिळावा म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी आहे.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी झाला. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. वर ३१ वर्षांचे आणि विद्वान, वधूला अक्षरओळखही नव्हती. रानडे यांनी पत्नीला स्वतः शिकवायला सुरुवात केली. घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते रुचले नाही. टोमणे आणि अबोला सोसत रमाबाई आधी मराठी, मग इंग्रजी शिकल्या. शिकण्याची किंमत काय असते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईला आले. तेथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल क्लबच्या कामात पुढाकार घेतला. बायकांसाठी भाषा आणि सामान्यज्ञानाबरोबर शिवण व हस्तकलेचे वर्गही निघाले. त्या काळात तयार कपड्यांची आजच्यासारखी दुकाने नव्हती. झबली, परकर, पोलकी हाताने शिवायची म्हणजे दिव्याच्या उजेडात डोळे शिणवणे आले. अमेरिकेत इलायस हाऊ यांनी १८४६ मध्ये दोन दोऱ्यांच्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले. त्या शतकाच्या उत्तरार्धात अशी यंत्रे भारतातही येऊ लागली. हाताचा वेग वाढला, पण त्याबरोबर यंत्राची मर्जी सांभाळणेही आले.

ही मर्जी म्हणजे साधे शास्त्र आहे. सुई वरचा दोरा कापडाखाली नेते, तेथे त्याचा फास पडतो आणि शटल त्या फासात बॉबिनचा दोरा अडकवते. दोन्ही दोऱ्यांचा ताण सारखा असेल तर ही गाठ कापडाच्या दोन थरांच्या मधोमध बसते. वरचा दोरा ढिला पडला की खाली जाळे होते. सुई वाकलेली किंवा बोथट असली की टाका सुटतो. बॉबिनजवळ कापडाचा भुगा साचला की यंत्र जड चालते. म्हणून यंत्रावर चिडण्याआधी सुई बदलावी, दोरा काढून नव्याने ओवावा, भुगा झाडून तेलाचे थेंब सोडावेत. बहुतेक यंत्रे एवढ्यावर ताळ्यावर येतात. लक्षण पाहून कारण शोधायचे, ही रीत दवाखान्यातही हीच असते.

१६ जानेवारी १९०१ रोजी हृदयविकाराने न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. त्या आजारपणात रमाबाईंनी त्यांची सेवा केली. हृदयविकारावर तेव्हा फारसे उपाय नव्हते. रुग्णाचा आधार म्हणजे घरातली बाई, आणि तिला हे काम कुणी शिकवलेले नसे. पतीच्या मृत्यूनंतर रमाबाई पुण्याला आल्या आणि वर्षभर एकांतात राहिल्या. मग मात्र त्या घराबाहेर पडल्या. तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटू लागल्या, रुग्णालयांत फळे, फुले, पुस्तके घेऊन जाऊ लागल्या.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, तेव्हा मार्गदर्शनासाठी ते रमाबाईंकडे आले. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि गोपाळ कृष्ण देवधर यांची त्यांना मोलाची साथ मिळाली. विधवा, परित्यक्ता आणि प्रौढ गृहिणी येथे शिकू लागल्या.

शिवण शिकायला फारसा विरोध होण्याचे कारण नव्हते, कारण ते काम घरात बसून करता येते. परिचारिकेचे काम मात्र घराबाहेरचे. परक्या पुरुषाला स्पर्श करायचा, जातीपातीचा विचार न करता मलमूत्र उचलायचे, रात्रपाळी करायची. चांगल्या घरातील बायकांनी हे करावे, ही कल्पनाच समाजाला झेपत नव्हती. तरीही १९११ च्या सुमारास ससून रुग्णालयात सेवासदनाच्या विद्यार्थिनींचे परिचारिका प्रशिक्षण सुरू झाले. पुढे परिचारिका आणि वैद्यकीय विद्यार्थिनींसाठी वेगवेगळी वसतिगृहेही निघाली. आजारी स्त्रीला, बाळंतिणीला, आपली भाषा बोलणारा शिकलेला हात मिळू लागला आणि त्या हाताला पगारही मिळू लागला.

१९१३ मध्ये रमाबाई दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी गुजरात-काठेवाडात गेल्या. अखेरच्या वर्षांतही आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन वारकरी बायकांच्या मदतीला जात. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६२ मध्ये, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आज घरोघरी शिवणाऱ्या बायका मान, पाठ आणि डोळ्यांच्या तक्रारी अंगावर काढतात. उजेड पुरेसा असावा, पाठीला टेकू असावा, अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे आणि सुई बोटात खोल गेली तर धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना विचारावे. घरचे काम म्हणून दुखणे लपवण्याचे कारण नाही. बोरीसारख्या गावात एखादी आई ओसरीवर मशीन चालवून लेकीची नर्सिंगची फी भरत असेल, तर रमाबाईंनी एका छपराखाली आणलेली दोन कामे आजही एकाच घरात नांदत आहेत.