विश्लेषण : तोफा लहान, दरारा मोठा! कान्होजी आंग्रे इंग्रजांना भारी का पडले?

टेबलावर फासे टाकून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांत प्रत्येक शस्त्राच्या मारकतेला आकडा दिलेला असतो. तोफ जितकी जड, तितका आकडा मोठा. खऱ्या युद्धात हा हिशेब कसा कोलमडतो, हे नागावपासून जवळच असलेल्या कुलाबा किल्ल्याच्या धन्याने दाखवून दिले.

कान्होजी आंग्रे यांचा जन्म १६६९ चा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. कान्होजी पुढे मराठा आरमाराचे सरखेल झाले आणि १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने शाहू महाराजांच्या पक्षात आले. त्यांचे दस्तक न घेता कोकण किनाऱ्यावरून जाणारे जहाज पकडले जाई. इंग्रजांशी खरे भांडण याचेच.

मग बळ कशात होते?

तोफांच्या वजनात नक्कीच नव्हते. गुराबांच्या नाळेवरच्या तोफा साधारण चार ते साडेपाच किलोंचा गोळा फेकत. गलबतांवरच्या तर त्याहून कितीतरी हलक्या. पण गुराबांना पाणी कमी लागे आणि गलबतांना ४०-५० वल्ही असत. वारा पडला की इंग्रजांचे जहाज जागीच अडकून राही. गलबते मात्र गुराबांना ओढत त्याच्या पिछाडीला आणत. युरोपीय जहाजाच्या बहुतेक तोफा बाजूंना असल्याने मागून येणाऱ्यावर त्यांचा फारसा उपयोग नसे. आधी डोलकाठ्या फोडायच्या, मग शेकडो माणसांनी तलवारी घेऊन जहाजावर चढायचे, अशी ही रीत.

१७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याचा खांदेरीवरचा हल्ला फसला. १७२० मध्ये विजयदुर्गासाठी त्याने जड तोफांचा तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून घेतला. किल्ला तरीही पडला नाही.

१७२१ मध्ये काय घडले?

वर्षअखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. सोबत कमोडोर मॅथ्यूज याच्या चार शाही युद्धनौका होत्या. सैन्य पोर्तुगीजांच्या चौलहून कुलाब्यावर चालून गेले. चौल आणि अलिबाग यांच्या मधल्या याच पट्ट्यात नागाव येते. एका मराठा स्वाराने मॅथ्यूजच्या मांडीत भाला खुपसला. कमोडोरने त्याच्यामागे घोडा घातला, पण पिस्तुलातून गोळी सुटलीच नाही. कोणत्या खेळाच्या नियमपुस्तकात हे लिहून ठेवणार? किल्ल्यावरचा हल्ला फसला, साताऱ्याची मदत येऊन पोहोचली आणि पोर्तुगीजांनी बाजीरावांशी परस्पर तह करून टाकला.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. समुद्रावर इंग्रजांना ते अखेरपर्यंत अजिंक्यच राहिले.

पुढे मुलांत भाऊबंदकी माजली. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या, तेव्हा आंग्र्यांचे आरमार समुद्रावर नव्हते. ते किल्ल्याखालच्या बंदरात दाटीवाटीने नांगरलेले होते. एका जहाजावर गोळा पडून आग लागली आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे पसरत गेली.