मुरुडचा विद्यार्थी

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. बालपण दापोलीजवळच्या मुरुड गावी गेले. घरची गरिबी. त्या काळी खेड्यातल्या हुशार मुलाला एकच वाट दिसे : सहावीची सरकारी परीक्षा द्यावी आणि मराठी शाळेत मास्तर व्हावे.

त्या परीक्षेसाठी १८७५ साली धोंडोपंत सोबत्यांबरोबर घाट चढून पायी साताऱ्यास गेले. अंतर सुमारे ११० मैल! वयाची सतरा वर्षे पुरी झाली होती. पण अंगकाठी लहान म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे कोल्हापुरास ते ती परीक्षा पास झाले. मास्तरकी हाताशी आली. एवढ्यात मुरुडासच इंग्रजी शिकण्याची सोय झाली, आणि त्यांनी पुन्हा विद्यार्थी होण्याचे ठरविले. मॅट्रिक झाले तेव्हा वय तेवीस होते. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते गणित घेऊन बी. ए. झाले.

१८९१ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम, १९१६ साली महिला विद्यापीठ असे कार्य वाढत गेले. १९५८ साली भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. जन्मभर ते शिक्षकच राहिले.

मुरुडास इंग्रजीची सोय झाली नसती, तर? बुद्धी तीच असती, जिद्दही तीच. दुसरी वाट मात्र दिसली नसती. आपल्यातले कितीतरी जण खेड्यांतूनच इथे आले आहेत. सुट्टीत गावी गेल्यावर शाळेतल्या एखाद्या हुशार मुलाशी, मुलीशी आपण तासभर बोलतो का?