दातांचा स्कॅनर कुठे चुकतो? उत्तर हिंगणघाटला दफन झालेल्या एका साहेबाच्या आयुष्यात आहे

दाताला कॅप बसवायची म्हटलं की डॉक्टर मसाल्याने भरलेला ट्रे तोंडात दाबून धरून माप घ्यायचे. आता बऱ्याच दवाखान्यांत छोटा स्कॅनर तोंडात फिरतो आणि दात स्क्रीनवर उमटतो. 1985 मध्ये झुरिच विद्यापीठात या तंत्राने पहिल्या रुग्णावर उपचार झाले.

यातले अनेक स्कॅनर त्रिकोणाच्या गणितावर चालतात. एका जागेवरून प्रकाश पडतो, दुसऱ्या जागेवरून कॅमेरा बघतो. या दोन जागांमधलं अंतर आणि कोन माहीत असले की दातावरचा बिंदू किती लांब आहे ते निघतं.

याच गणिताने एका माणसाने भारत मोजायला घेतला होता. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन.

लॅम्बटन यॉर्कशायरमधल्या साध्या शेतकरी घरातला. इंग्रजांच्या 33व्या पलटणीबरोबर तो भारतात आला आणि 1799 च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत होता. टिपू सुलतानचा पाडाव झाल्यावर त्याने सरकारपुढे एक योजना ठेवली. दक्षिण भारत एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत अचूक मोजायचा.

10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटला काम सुरू झालं. साडेसात मैलांची, म्हणजे सुमारे 12 किलोमीटरची एक सरळ रेषा. ती 100 फुटी पोलादी साखळीने मोजायला तब्बल 57 दिवस लागले. उन्हाने साखळी लांबते, म्हणून तापमानाचाही हिशेब ठेवला गेला.

एवढा खटाटोप का? कारण पुढचे सगळे त्रिकोण या एका रेषेवर उभे राहणार होते.

कोन मोजायला सुमारे अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट होतं. ते इंग्लंडहून येताना फ्रेंचांनी जहाजासकट पकडलं, मग परत केलं. 1808 मध्ये तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून वाकलं. लॅम्बटनने ते स्वतः बसून दुरुस्त केलं.

पण त्याची खरी हुशारी वेगळीच होती. एक त्रिकोण दुसऱ्याला चिकटतो, दुसरा तिसऱ्याला. पहिल्यात झालेली बारीक चूक पुढे सरकत वाढते. म्हणून 1804 मध्ये त्याने बंगळूरजवळ आणखी एक रेषा जमिनीवर मोजली आणि गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहिली. फरक निघाला काही इंचांचा!

दातांच्या स्कॅनरचं दुखणं नेमकं हेच आहे. तो एका वेळी छोटासाच भाग बघतो आणि तुकडे एकमेकांना जोडत जातो. एका दातासाठी जोड कमी, म्हणून माप चांगलं येतं. पूर्ण जबड्याला जोड जास्त, त्यामुळे दुसऱ्या टोकापर्यंत चूक साठत जाते. दात नसलेल्या गुळगुळीत हिरडीवर तर जोड जुळवायला खुणाच कमी सापडतात. शिवाय रक्त, लाळ किंवा हिरडीखाली लपलेली दाताची कड प्रकाशाला दिसत नाही. जे दिसत नाही, ते मोजलंही जात नाही.

कॅप आणि दात यांच्यातली फट साधारण 120 मायक्रॉनपर्यंत, म्हणजे 0.12 मिलिमीटरपर्यंत चालते असं मानतात. ती फार वाढली तर कॅपखाली दात किडू शकतो. भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीहून नागपूरला जाऊन कॅप बसवणाऱ्यासाठी ती बिघडणं म्हणजे पुन्हा तेवढा प्रवास, पुन्हा खर्च आणि बुडालेली मजुरी.

लॅम्बटन पुढची वीसेक वर्षं त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकत राहिला. 1818 मध्ये या कामाला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं आणि जॉर्ज एव्हरेस्ट त्याचा मदतनीस झाला. हैदराबादहून नागपूरकडे निघालेला आजारी लॅम्बटन 20 जानेवारी 1823 रोजी वाटेत हिंगणघाटला वारला. त्याला तिथेच दफन केलं. जगातल्या सर्वात उंच शिखराला पुढे मदतनीसाचं नाव मिळालं. लॅम्बटनचं नाव मात्र हिंगणघाटातही फार थोड्यांना माहीत आहे.

त्याची पद्धत मात्र आजही कामाची आहे. पूर्ण जबड्याचं किंवा अनेक इम्प्लांटवरचं काम असेल तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: पक्कं बसवण्याआधी माप दुसऱ्या पद्धतीने ताडून पाहणार का?