सैगल : एकाकी स्वराचा धनी

विफल प्रेमाचे दुःख मनुष्यजातीइतकेच जुने आहे. परंतु ते एकट्या माणसाच्या कानाशी नेऊन पोचविण्याची साधने या देशाला विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत लाभली. बोलपट, ग्रामोफोन आणि मायक्रोफोन ही ती साधने. कुंदनलाल सैगल हा त्यांचा पहिला मोठा गायक होय.

१९०४ साली जम्मूत जन्मलेल्या सैगलचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. रेल्वेत टाइमकीपर, पुढे टंकलेखन यंत्रांचा फिरता विक्रेता, असे करीत तो कलकत्त्यास पोचला. तेथे न्यू थिएटर्समध्ये रायचंद बोराल यांच्या पारखी कानांनी त्याचे मोल जाणले आणि १९३५ च्या हिंदी 'देवदास'ने तो देशभर पोचला.

रंगभूमीवरील गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. मायक्रोफोनने ती सक्ती संपविली आणि सैगलने त्या मुभेचे मर्म ओळखले. तो हलक्या आवाजात, जवळजवळ बोलल्यासारखा गाई. एकाच तबकडीच्या असंख्य प्रती निघत. तरी प्रत्येक श्रोत्याला वाटे, हे गाणे आपल्या एकट्यासाठीच आहे. ज्या समाजात विवाह जात आणि वडीलधारी मंडळी ठरवीत, तेथे अव्यक्त प्रेमाला दुसरे बोलके ठिकाण तरी कोणते होते?

या सहानुभूतीत धोका नव्हता असे नाही. दुःखाला कवटाळून मद्यात बुडणारा नायक तरुणांचा आदर्श ठरू पाहत होता. व्ही. शांताराम यांनी १९३९ मध्ये 'माणूस' काढला, तो याच वृत्तीला उत्तर म्हणून. प्रेम विफल झाले तरी कर्तव्य उरते, हे त्या चित्रपटाचे सांगणे होते.

सैगलचे स्वतःचे आयुष्य मात्र प्रेमभंगाची कहाणी नव्हे. तो विवाहित, मुलाबाळांचा गृहस्थ होता. एकाकीपण ही त्याची कला होती. मद्य मात्र पडद्यावरच राहिले नाही. १९४१ मध्ये तो मुंबईस आला, 'तानसेन'सारखी यशे त्याने मिळविली. पण प्रकृती ढासळत गेली. १८ जानेवारी १९४७ रोजी जालंदर येथे तो निवर्तला, तेव्हा त्याने वयाची त्रेचाळीस वर्षेही पुरी केली नव्हती.

शांताराम यांचा आक्षेप देवदासाला लागू पडतो. सैगलच्या गाण्याला तो सर्वस्वी लागू पडत नाही. त्या गाण्यात आक्रोश नाही, संयम आहे. जे दुःख सुरात बसते ते निदान आकारहीन राहत नाही. समाजाने बंद केलेली दारे गाणे उघडू शकत नाही. मात्र दाराबाहेर आपण एकटेच उभे नाही, एवढे ते सांगू शकते. पुढे कित्येक वर्षे रेडिओ सिलोनवरील जुन्या गीतांच्या सकाळच्या कार्यक्रमाची सांगता सैगलच्या गाण्याने होत असे. ते ऐकून माणसे कामावर निघत. देवदासाला जे जमले नाही, ते त्याच्या श्रोत्यांना जमत होते.