संत बार्तोलो लोंगो : बंदिवानांच्या लेकरांचा कैवारी

ऑक्टोबर महिना लागला म्हणजे आपल्या घरोघरी पवित्र जपमाळेची प्रार्थना होते. या भक्तीच्या प्रसारार्थ ज्या सत्पुरुषाने आपले आयुष्य वेचले, त्यानेच तुरुंगात पडलेल्या माणसांच्या मुलांसाठीही अपार कष्ट उपसले, ही गोष्ट मात्र आपणापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्यांचे चरित्र मंगरूळपीरच्या भाविकांपुढे थोडक्यात ठेवावे, असे आम्हांस वाटले.

बार्तोलो लोंगो यांचा जन्म १० फेब्रुवारी १८४१ रोजी दक्षिण इटलीतील लातियानो या गावी एका डॉक्टरच्या घरी झाला. नेपल्स येथे कायद्याचा अभ्यास करीत असता त्यांची श्रद्धा उन्मळून पडली. प्रेतात्म्यांना आवाहन करणाऱ्या एका पंथात ते शिरले, इतकेच नव्हे, तर त्या पंथाचे पुरोहितही झाले. देह खंगला, चित्त सैरभैर झाले. अशा वेळी विन्चेन्झो पेपे या सज्जन मित्राने त्यांना हात दिला आणि दोमिनिकन संघाचे फादर आल्बेर्तो रादेन्ते यांनी त्यांना पुन्हा ख्रिस्तसभेच्या अंगणात आणले. वाट चुकलेल्यास कोणीतरी हात द्यावा लागतो, हा धडा त्यांच्या पुढील सर्व कार्यात दिसून येतो.

१८७२ साली मारियाना दे फुस्को या विधवा उमरावस्त्रीच्या जमिनीचा कारभार पाहण्यासाठी ते पोम्पेईच्या खोऱ्यात आले. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने गाडलेल्या प्राचीन नगरीच्या शेजारची ही भूमी. तेथील कुळे दरिद्री, निरक्षर व हिवतापाने गांजलेली होती. वाटेत लुटारूंचे भय होते. लोंगो यांनी त्या लोकांना जपमाळ शिकविण्याचा संकल्प केला. १३ नोव्हेंबर १८७५ रोजी जपमाळेच्या मातेचे एक जीर्ण चित्र नेपल्सहून तेथे आले, तेही खताच्या गाडीवरून! पुढे ८ मे १८७६ रोजी मंदिराची कोनशिला बसली. दरमहा एक सोल्दो, म्हणजे तेथील एक क्षुद्र नाणे, अशी गरिबांची वर्गणी या कामी लागली. लोकापवाद उठला तेव्हा पोप तेरावे लिओ यांच्या सल्ल्याने १८८५ मध्ये त्यांनी मारियानाबाईंशी विवाह केला. तथापि दोघांनीही ब्रह्मचर्य पाळले. १८८७ मध्ये अनाथ मुलींसाठी आश्रम निघाला.

यानंतर लोंगो यांची दृष्टी बंदिवानांच्या मुलांकडे वळली. बाप तुरुंगात गेला म्हणजे मुलास भाकरीही नाही आणि अब्रूही नाही, अशी त्यांची स्थिती. त्यातच चेझारे लोंब्रोसो या पंडिताचा, गुन्हेगार हा जन्मतःच तसा असतो, असा सिद्धांत त्या काळी गाजत होता. चोराचे पोर चोरच होणार, असे लोक आधी म्हणतच होते. आता त्या समजुतीस शास्त्राचा आधार मिळाला. लोंगो यांनी या मतास नुसत्या लेखाने नव्हे, कृतीने उत्तर दिले. १८९२ साली त्यांनी बंदिवानांच्या मुलग्यांसाठी आश्रम स्थापिला.

तेथे मुलांना अक्षरओळख व धर्मशिक्षण मिळे, वाद्यवृंदात वाजविणे शिकविले जाई. परंतु मुख्य भर हाताच्या कसबावर होता. सुतारकाम, शिवणकाम, जोडे शिवणे, खिळे जुळविणे, छपाई, पुस्तकबांधणी असे धंदे ती शिकत. मंदिराचे नियतकालिक जेथे छापले जाई, त्या छापखान्यात ही मुले काम शिकली. विशेष असे की, मुलांचा बापाशी संबंध तोडला नाही. मुले तुरुंगातील पित्यांना पत्रे लिहीत. पुत्र सन्मार्गाने वाढत आहे हे वाचून पित्याचेही मन पालटे. मुलाला घडविता घडविता बापही घडत होता.

इतके करूनही लोंगो यांच्यावर देणग्यांच्या अपहाराचे आरोप झाले. १९०६ साली त्यांनी सर्व मालमत्ता पोप महाशयांच्या स्वाधीन केली आणि स्वतः साधेपणाने राहिले. १९२२ मध्ये बंदिवानांच्या मुलींसाठीही आश्रम निघाला. ५ ऑक्टोबर १९२६ रोजी त्यांनी देह ठेवला. १९८० साली ते धन्यवादित व १९ ऑक्टोबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांच्याकरवी संत म्हणून घोषित झाले.

भाविकहो, हे चरित्र परदेशातले म्हणून दूरचे मानू नये. आपल्या देशातही १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ साली गेला. पण वऱ्हाडातील पारधी बांधवांकडे पाहणारी संशयाची नजर अद्याप पुरती गेलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्णयानुसार बंदिवान मातेजवळ तिचे मूल सहा वर्षांचे होईपर्यंत राहू शकते. त्यानंतर त्याने कोणाचे बोट धरावे?

आपल्या धर्मग्रामात शिक्षक आहेत, शिंपी आहेत, गवंडी व सुतार आहेत. अशा एका मुलास संध्याकाळी अभ्यासाला बसविणे, त्याची शाळा सुटू न देणे, वयात आल्यावर त्यास धंदा शिकविणे, आणि त्याच्या आईबापाचा गुन्हा त्याच्या देखत कधीही न उच्चारणे, एवढे आपल्या हातून सहज होण्यासारखे आहे. बंदिवानांची भेट घेणाऱ्यास आपलीच भेट घडली, असे प्रभू येशू ख्रिस्ताने मानले आहे. त्या बंदिवानाच्या लेकरास दार उघडणाराही प्रभूलाच घरात घेतो, अशी आमची श्रद्धा आहे. जपमाळेची राणी आपणांस ते दार उघडण्याचे बळ देवो. आमेन.