अरुंद रुळांचा महाराजा

ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांचे नाव निघाले की जयविलास राजवाड्यातील चांदीची आगगाडी हमखास आठवते. भोजनाच्या मेजावर मांडलेल्या रुळांवरून ती मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून फिरे. सुरई उचलली की थांबे, जागेवर ठेवली की पुढे सरके. आलेल्या पाहुण्यांना तो संस्थानिकाचा शौक वाटे. तो शौक होताच. पण या राजाच्या कारकिर्दीचा बराच भाग खऱ्या रुळांनी व्यापला होता.

माधवरावांचा जन्म 20 ऑक्टोबर 1876 चा. वडील जयाजीराव 1886 मध्ये निवर्तले आणि वयाच्या दहाव्या वर्षी त्यांच्याकडे गादी आली. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मात्र 1894 मध्ये मिळाले. हाती आलेले राज्य सुमारे 25 हजार चौरस मैलांचे आणि तेही सलग नव्हे. उत्तरेकडे चंबळेच्या घळी व श्योपूरचे जंगल, तर दूर दक्षिणेस उज्जैन, मंदसौर असा माळव्याचा सुपीक मुलूख.

आग्र्याहून ग्वाल्हेरकडे येणारा ब्रॉडगेज मार्ग जयाजीरावांच्याच काळात झाला होता. त्या मार्गावरून माल ग्वाल्हेर स्थानकापर्यंत वेगाने येई; अडचण तिथून पुढे सुरू होई. भिंड असो, शिवपुरी असो की सबलगड, पुढचा प्रवास बैलगाडीचा, आणि पावसाळ्यात तोही बेभरवशाचा. कोणत्याही वाहतुकीच्या जाळ्याचा वेग त्यातील सर्वांत संथ टप्पा ठरवतो. मुख्य मार्गावर कितीही भरधाव गाड्या धावल्या, तरी शेवटचे चाळीस-पन्नास कोस बैलांच्या चालीचे असतील, तर धान्य बैलांच्याच चालीने पोहोचणार.

माधवरावांनी यावर जो उपाय योजला तो दोन फुटी रुळांचा. ब्रॉडगेजचे रूळ साडेपाच फूट अंतरावर, हे दोन फुटांवर. भराव थोडा, पूल लहान, रूळ हलके, वळणे आखूड घेता येतात आणि खर्च आटोक्यात राहतो. महाराजांच्या खाजगी हौसेसाठी सुरू झालेली ही छोटी गाडी काही वर्षांतच ग्वाल्हेर लाइट रेल्वे झाली. 1899 मध्ये भिंड आणि शिवपुरीचे मार्ग खुले झाले, 1904 मध्ये सबलगडपर्यंत आणि 1909 मध्ये श्योपूरपर्यंत गाडी गेली. महाराज स्वतः इंजिन चालवीत, यंत्रांची त्यांना उत्तम जाण होती. राज्यात सतत फिरून खात्यांची कामे जातीने तपासण्याबद्दलही ते ओळखले जात.

पहिले दोन मार्ग खुले झाले त्याच वर्षी पाऊस फसला आणि राजपुताना, गुजरात व मध्य भारतावर छप्पन्याचा भीषण दुष्काळ कोसळला. धान्य कुठे आहे यापेक्षा ते किती दिवसांत कुठे पोहोचते, हा अशा वेळी जगण्यामरण्याचा प्रश्न होतो.

मात्र अरुंद रुळांनी संथपणा पूर्णपणे घालवला नाही, त्याचे स्वरूप बदलले. ब्रॉडगेजची वाघीण दोन फुटी रुळांवर चढू शकत नाही. ग्वाल्हेर स्थानकात प्रत्येक पोते हमालांच्या पाठीवरून एका गाडीतून दुसरीत जाणे भाग होते. मिरजेला उतरून, सामानसुमान सांभाळत मीटरगेजच्या गाडीत जागा धरणाऱ्या गोमंतकीयांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको. त्यात एकेरी मार्ग, हलके इंजिन, थोडे वजन आणि जागोजागचे थांबे. श्योपूरचे सुमारे 200 किलोमीटर अंतर कापायला अगदी अलीकडेपर्यंत दहा तासांहून अधिक लागत. वेग आणि पोहोच यांतून माधवरावांनी पोहोच निवडली, आणि त्या काळच्या पैशांत ती निवड योग्यच म्हणावी लागेल. रुंद रुळांचा आग्रह धरला असता तर श्योपूरला गाडी दिसलीच नसती.

त्यांचे सगळेच उपक्रम असे टिकले नाहीत. सांक नदीवरचे तिघरा धरण 1916 मध्ये उभे राहिले आणि पुढल्याच पावसाळ्यात फुटले. खालच्या भागात मोठी प्राणहानी झाली. रेल्वेची गोष्ट सांगताना हे प्रकरण गाळले जाते, ते गाळू नये.

1900 मध्ये चीनमधील बॉक्सर बंडाच्या वेळी त्यांनी इस्पितळाचे एक जहाज स्वखर्चाने सज्ज करून दिले आणि स्वतःही चीनला गेले. बडोद्याच्या इंदिराराजांशी ठरलेला त्यांचा दुसरा विवाह 1911 मध्ये वधूनेच पत्र पाठवून मोडला, याची त्या काळी देशभर चर्चा झाली. पुढे गोव्याच्या राणे घराण्यातील गजराराजे ग्वाल्हेरच्या महाराणी झाल्या. ग्वाल्हेरचे वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. महादजींच्या फौजेतील पेडण्याजवळच्या केरीचे जिवबादादा केरकर आठवले, तर शिंदेशाही आणि गोवा यांचा संबंध त्याहून जुना आहे.

5 जून 1925 रोजी पॅरिसमध्ये माधवरावांचे निधन झाले. पुत्र जिवाजीरावांचे वय तेव्हा नऊ वर्षेही पूर्ण नव्हते. शिवपुरीत आईच्या छत्रीसमोर माधवरावांची संगमरवरी छत्री उभी आहे. त्यांची रेल्वे 1951 मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. श्योपूरची छोटी गाडी 2020 पर्यंत धावत राहिली. त्यानंतर तिचे रूळ उखडून तेथे ब्रॉडगेजचे काम सुरू झाले.