भुकेल्या कळपाचा मेंढपाळ : कार्डिनल आडाम सापिएहा

पोल लोक आम्हां महाराष्ट्रीयांस अगदीच परके नाहीत. रशियातून सुटून आलेली पोल कुटुंबे १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापूरनजीक वळिवडे येथे छावणी करून राहिली होती. मायदेशी मागे राहिलेल्या त्यांच्या बांधवांचे काय हाल झाले, व त्या हालांत एका महागुरूने आपला कळप कसा राखिला, हे आम्ही येथे सांगतो.

सापिएहा यांचा जन्म १८६७ साली एका सरदार घराण्यात झाला. १९११ साली पोप दहावे पायस यांनी त्यांस क्राकोचे बिशप नेमून स्वहस्ते अभिषेक केला. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, त्यांनी युद्धपीडितांसाठी मदतमंडळ काढिले. भुकेशी त्यांचा परिचय तेव्हापासूनचा.

१९३९ च्या सप्टेंबरात जर्मनांनी क्राको घेतले आणि हान्स फ्रांक हा त्यांचा सुभेदार वावेलच्या राजवाड्यात येऊन बसला. पोलंडचे प्रमुख धर्माध्यक्ष कार्डिनल ह्लोंड परदेशी गेलेले. तेव्हा बहात्तर वर्षांच्या आर्चबिशप सापिएहांकडेच लोकांचे डोळे लागले. १९४१ साली पोल माणसास रेशनवर दिवसास सुमारे ७०० उष्मांकांचे अन्न मिळे, म्हणजे गरजेच्या तृतीयांशाहूनही कमी. यहुद्यांस तर त्याहून कितीतरी थोडे. मग काळ्या बाजारावाचून गत्यंतर कोठले? खेड्यांतून पीठ, लोणी, मांस चोरून शहरात येई. सापडल्यास तुरुंग किंवा छळछावणी. आणि १९४२ पासून, धान्याचा ठरीव हिस्सा न भरणाऱ्या शेतकऱ्यास देहान्त शासन. क्राकोत मुख्य कचेरी असलेल्या पोल मदतमंडळाची अन्नछत्रे चालत, त्यांस सापिएहांनी पाठबळ दिले.

फ्रांक एकदा आग्रहाने त्यांच्याकडे जेवावयास गेला, अशी हकीकत पोलंडात सांगतात. पानात वाढले काय? काळा पाव, बिटाचा मुरंबा आणि ओकफळांची कॉफी. रेशनवर एवढेच मिळते, आणि काळ्या बाजारात नोकरास धाडून त्याचा जीव धोक्यात घालणे आपणास रुचत नाही, असे यजमानांनी शांतपणे सांगितले म्हणे. गोष्टीत भर पडलीही असेल. परंतु ती तोंडोतोंडी फिरली, यावरून लोकांस त्यांचा केवढा आधार वाटे ते आम्हांस दिसते.

सेमिनरीत नवे विद्यार्थी घेण्यास मनाई झाली, तेव्हा त्यांनी गुप्तपणे अध्यापन चालविले. १९४२ साली दाखल झालेला एक तरुण रासायनिक कारखान्यात मजुरी करून अभ्यास करी. १९४४ च्या ऑगस्टात तरुणांची धरपकड झाली, तेव्हा सापिएहांनी त्यास व त्याच्या सोबत्यांस आपल्या वाड्यात लपविले. १९४६ साली ते स्वतः कार्डिनल झाले, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरास त्यांनी त्या तरुणास गुरुदीक्षा दिली. तोच १९७८ साली पोप दुसरे जॉन पॉल झाला.

२३ जुलै १९५१ रोजी सापिएहा निवर्तले. वावेल टेकडीवरील कॅथीड्रलात त्यांची समाधी आहे.